येतं सगळं, मग मार्क जातात कुठे?

ताई, नमस्कार.

मी अकाउंटन्सीच्या व्यावसायिक परीक्षेच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. आकडेमोडीच्या पेपरांत मी अडत नाही. पण फायनान्शियल रिपोर्टिंग आणि ऑडिटमधल्या लेखी प्रश्नांनी दोनदा घात केला. एकदा 46, एकदा 47, आणि पास व्हायला 50 हवेत. स्टँडर्ड्स (हिशेब आणि ऑडिटचे ठरलेले नियम) मला पाठ आहेत. पेपरमध्ये हात एक मिनिटही थांबत नाही, तरी दोन्ही वेळा शेवटचा प्रश्न अर्धवट राहिला. क्लासमध्ये सांगतात की आधी आराखडा करा, मग लिहा. पण लिहायलाच वेळ पुरत नसेल तर आराखडा करत कसं बसायचं? सराव परीक्षेतलं एक उत्तर सोबत पाठवते आहे. पानभर लिहून 8 पैकी 3 मिळाले. इंग्रजी माझी पहिली भाषा नाही, त्यामुळे तर मार्क जात नसतील ना?

— काठावरची परीक्षार्थी

तुझं उत्तर मी दोनदा वाचलं. शेवटचा आकडा सोडला तर त्यात एकही विधान चुकीचं नाही. आणि मी तपासलं असतं तर मीही 3च मार्क दिले असते.

बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. एका कंपनीचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. जानेवारीत तिच्या टाकीतून रसायनाची गळती झाली आणि शेजारच्या शेतांतलं पीक गेलं. फेब्रुवारीत शेतकऱ्यांनी दावा ठोकला. वर्षअखेरीला वकिलाचं मत असं, की हरण्याची शक्यता 70 टक्के आणि हरलो तर 60 लाख द्यावे लागतील. 20 एप्रिलला कोर्टाबाहेर 55 लाखांवर तडजोड झाली. हिशेब मे महिन्याच्या शेवटी मंजूर व्हायचे आहेत. कंपनीने विम्याचा 40 लाखांचा क्लेम टाकला आहे, विमा कंपनी म्हणते चौकशी चालू आहे. फायनान्स डायरेक्टरचं (पुढे एफडी) म्हणणं, ‘31 मार्चला केस कोर्टातच होती, तेव्हा नोट्समध्ये उल्लेख करू, आकड्यांना हात लावायला नको.’ मसुद्यातला करपूर्व नफा 80 लाख. पहिला भाग 8 मार्कांचा: योग्य हिशेबी ट्रीटमेंटची चर्चा करा. दुसरा 4 मार्कांचा, त्याकडे नंतर येते.

तू सुरुवात प्रोव्हिजनच्या, म्हणजे पुढे द्याव्या लागणाऱ्या रकमेसाठी हिशेबात आधीच केलेल्या तरतुदीच्या, व्याख्येने केलीस. मग आयएएस 37 (प्रोव्हिजनबद्दलचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) च्या तीन अटी लिहिल्यास. मग वॉरंटी, पुनर्रचना, तोट्याचे करार अशी पुस्तकातली उदाहरणं आली. मग कंटिंजंट लायबिलिटीची (पक्कं नसलेलं, म्हणून फक्त नोट्समध्ये सांगायचं देणं) व्याख्या. आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘वरील चर्चेवरून कंपनीने 60 लाखांचं प्रोव्हिजन करावं.’ पानभर उत्तरात या कंपनीचा उल्लेख फक्त त्या एका ओळीत आहे. 20 एप्रिल कुठेच नाही. विमा कुठेच नाही. फायनान्स डायरेक्टर बरोबर की चूक, यावर अवाक्षर नाही. तीन अटींचे दोन मार्क आणि प्रोव्हिजन करावं या निष्कर्षाचा एक, असा तो हिशेब झाला.

आता एक करून बघ. तुझ्या उत्तराची ती शेवटची ओळ झाक आणि बाकीचं पान प्रोव्हिजनवरच्या दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाखाली ठेव. चपखल बसेल. कुठेही बसणारं उत्तर, ही तुझी खरी अडचण आहे. या टप्प्यावरची परीक्षा तुला स्टँडर्ड पाठ आहे का हे विचारतच नाही, ते तिने मागच्या टप्प्यांवर विचारून झालेलं असतं. आता विचारलं जातंय ते हे, की उद्या या कंपनीत तुला एकटीला पाठवलं तर तिथल्या माणसांना काय करा म्हणून सांगशील. त्यांनी तुला टाकी, वकील, विमा, तारखा असं सगळं दिलंय आणि तू त्यांना वॉरंटीचं उदाहरण देऊन परत येतेस.

प्रश्नपत्रिका काढणारा केसमध्ये सहसा उगाच काही लिहीत नाही. तारीख दिली असेल तर तिचा मार्क आहे. टक्के दिले असतील तर त्यांचा आहे. कोणी काही म्हणालं असं अवतरणात दिलं असेल, तर तो माणूस चुकतोय की नाही हे तुझ्या तोंडून ऐकायचंय. म्हणून आराखडा विषयाचा करायचा नसतो, केसमधल्या गोष्टींचा करायचा असतो. क्लासमध्ये आराखडा म्हणून जे शिकवतात ते बरेचदा ‘प्रस्तावना, व्याख्या, मुद्दे, निष्कर्ष’ असं शाळेच्या निबंधाचं साचेबंद प्रकरण असतं. त्याने वेळच जाणार. तुझा आराखड्यावरचा राग मला पटतो, फक्त तो चुकीच्या आराखड्यावर आहे.

याच प्रश्नाचा आराखडा मी समासात असा केला असता:

जाने. गळती – पास्ट इव्हेंट, ऑब्लिगेशन आहे
वकील 70% – प्रॉबेबल → प्रोव्हिजन, नुसती नोट नाही (एफडी चूक)
20 एप्रि. 55 – आयएएस 10, ॲडजस्टिंग → 55 घ्या, 60 नाही
विमा 40 – चौकशी चालू → ॲसेट नाही, वजाही नाही
80 – 55 = 25, करंट लायबिलिटी

पाच ओळी, त्यात धड वाक्य एकही नाही, आणि दुसऱ्या कोणाला वाचता आलं नाही तरी चालेल. (आयएएस 10 म्हणजे वर्ष संपल्यानंतरच्या घटनांचं स्टँडर्ड, आणि ॲडजस्टिंग म्हणजे जिच्यामुळे वर्षअखेरचे आकडे बदलावे लागतात अशी घटना.) प्रत्येक ओळीची सुरुवात केसमधल्या एखाद्या गोष्टीने आहे, नियम नंतर आलाय, आणि बाणानंतर ‘मग काय’ आहे. हे तीन तुकडे असले की मुद्दा पुरा होतो. तुझ्या उत्तरात फक्त मधला तुकडा होता.

वेळेचं म्हणशील तर गणित मांडूया, तुझा प्रांतच आहे तो. 180 मिनिटांत 100 मार्क म्हणजे मार्कामागे 1.8 मिनिटं. 8 मार्कांना 14 मिनिटं. त्यातली 3 वाचायला आणि आराखड्याला दिलीस तर लिहायला 11 उरतात. 11 मिनिटांत पाच आखीव मुद्दे आरामात होतात. 14 मिनिटं सलग लिहून तुला 3 मिळाले, म्हणजे त्यातली निम्म्याहून जास्त मिनिटं अशा वाक्यांवर गेली ज्यांना मार्कच नव्हता. हात थांबत नाही असं तू कौतुकाने लिहिलंस, पण तो थांबायलाच हवा होता. काही परीक्षांत वाचायला 15 मिनिटं वेगळी देतात, काहींत 3 तास 15 मिनिटं एकत्रच देतात. दुसरा प्रकार असेल तर ती 15 मिनिटं आराखड्यांचीच समजायची, लिखाणात ढकलायची नाहीत.

आता लिहायचं कसं ते बघ. परीक्षेत इंग्रजीत लिहिशील, इथे समजायला मराठीत देते. सुरुवातीचे दोन परिच्छेद:

‘जानेवारीतली गळती 31 मार्चच्या आधी झालेली आहे आणि तिच्यामुळे शेतकऱ्यांना भरपाई देण्याचं कायदेशीर दायित्व वर्षअखेरीला उभं आहे. हरण्याची शक्यता 70 टक्के, म्हणजे पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे. वकिलाने रकमेचा अंदाजही दिला आहे. आयएएस 37 च्या तिन्ही अटी पूर्ण होतात, म्हणून प्रोव्हिजन करावंच लागेल. फक्त नोट्समध्ये उल्लेख पुरेसा आहे हे फायनान्स डायरेक्टरचं मत बरोबर नाही. दायित्व कंटिंजंट असतं तरच ते चाललं असतं.

20 एप्रिलची तडजोड वर्ष संपल्यावर पण हिशेब मंजूर होण्याआधी झाली. 31 मार्चला जे दायित्व होतं त्याचीच ती पुष्टी करते, म्हणून आयएएस 10 प्रमाणे ती ॲडजस्टिंग घटना आहे. प्रोव्हिजन 60 ऐवजी 55 लाखांचं करावं.’

बघ, स्टँडर्डच्या अटी आल्याच. वेगळ्या लिहिल्या नाहीत इतकंच, त्या केसच्या गोष्टींतून आल्या. व्याख्येला दिलेली जागा वाचली. शिवाय प्रश्नात ‘चर्चा करा’ होतं, तर दुसरी बाजू (कंटिंजंट का नाही) एका वाक्यात आली. चर्चेला दोन्ही बाजू लागतात, पण दोन्हींना सारखी जागा द्यायची गरज नसते. जी बाजू टिकत नाही ती का टिकत नाही, एवढं सांगितलं की झालं.

विम्याच्या परिच्छेदात एकच गोष्ट सांभाळायची. बाहेरून मिळणारी भरपाई ॲसेट म्हणून दाखवायला ती मिळणं जवळजवळ निश्चित असावं लागतं. ‘चौकशी चालू’ म्हणजे ते नाही. म्हणून 55 मधून 40 वजा करून 15 चं प्रोव्हिजन, हे चूक. पुढे क्लेम मान्य झाला तरी ताळेबंदात तो वेगळा ॲसेट म्हणून येईल, प्रोव्हिजनमधून वजा होऊन नाही. आणि पैसे मिळण्याची शक्यता जास्त वाटत असेल तर फक्त नोट्समध्ये उल्लेख. पैसे येण्याची कसोटी पैसे जाण्याच्या कसोटीपेक्षा कडक आहे, हे एक वाक्य लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळतं की हिला कारणही माहीत आहे.

जाता जाता एक सापळा. बरीच मुलं इथे 60 लाख गुणिले 70 टक्के करून 42 लाख काढतात. अपेक्षित मूल्याची ती पद्धत खूप सारखी दायित्वं एकत्र असतील तेव्हाची आहे, हजारो वस्तूंच्या वॉरंटीसारखी. एकच दावा असेल तर सहसा सर्वांत संभाव्य रक्कम धरतात. तडजोड झाली नसती तर उत्तर 60 आलं असतं, 42 नाही. केसमध्ये टक्के दिसले की कॅल्क्युलेटरकडे हात जातो. आधी ते टक्के कशासाठी दिलेत ते बघ.

दुसरा भाग तू सोडूनच दिला होतास. 4 मार्कांचा प्रश्न असा, की फायनान्स डायरेक्टर सहायक अकाउंटंटला म्हणतो, ‘प्रोव्हिजन टाकलंस तर बँकेची अट मोडते. तुझी बढती माझ्या हातात आहे हे लक्षात ठेव.’ यातले नैतिक प्रश्न सांगा आणि त्याने काय करावं ते सुचवा. इथे मुलं आचारसंहितेतली पाचही तत्त्वं पाठोपाठ लिहून काढतात: सचोटी, वस्तुनिष्ठता, व्यावसायिक क्षमता आणि दक्षता, गोपनीयता, व्यावसायिक वर्तन. पाचांना पाच ओळी आणि मार्क जेमतेम एक. या केसमध्ये गोपनीयतेचा काय संबंध? काही नाही, सोडून दे. संबंध आहे तो सचोटीचा, कारण खोटं चित्र दाखवणाऱ्या हिशेबाला त्याने हातभार लावायचा आहे. आणि वस्तुनिष्ठतेचा, कारण दबावाखाली त्याचा निर्णय बदलतोय. धोके दोन: बढतीवरून दिलेली धमकी म्हणजे इंटिमिडेशन, आणि बढतीचा त्याचा स्वतःचा मोह म्हणजे सेल्फ-इंटरेस्ट. दोन्ही एकाच वाक्यातून निघतात, पण वेगळे आहेत, वेगळे लिही.

आणि ‘काय करावं’ याचं उत्तर थेट राजीनाम्याने सुरू करू नकोस. कागदावर इतके शूर लोक मी फार पाहिलेत. पायऱ्या असतात. आधी स्टँडर्डचा परिच्छेद पुढे ठेवून डायरेक्टरशीच बोलायचं. मग ऑडिट कमिटी किंवा बोर्डातली स्वतंत्र व्यक्ती. आपल्या व्यावसायिक संस्थेचा गोपनीय सल्ला. झालेलं बोलणं लिहून ठेवणं. एवढं करूनही चुकीचा आकडा जाणार असेल तर त्या हिशेबाशी आपलं नाव जोडू द्यायचं नाही, आणि राजीनामा अगदी टोकाला. बँकेच्या अटीचा उल्लेखही कर, कारण डायरेक्टरचा हेतू तिथे उघडा पडतो. 80 चा नफा 25 वर येणं बँकेच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच तिच्यापासून लपवली जातेय.

ऑडिटच्या पेपराबद्दल तू उत्तर पाठवलं नाहीस, पण मार्क कुठे जातात याचा अंदाज आहे, कारण सगळ्यांचे तिथेच जातात. ‘ऑडिट रिस्क ओळखा आणि ऑडिटरचा प्रतिसाद सांगा’ हा प्रश्न घे. केसमध्ये लिहिलंय की कंपनीच्या मुख्य उत्पादनाची नवी आवृत्ती आल्यामुळे जुना माल गोदामात पडून आहे. मुलं लिहितात: ‘माल विकला न गेल्यामुळे कंपनीचा तोटा होईल. कंपनीने सवलत देऊन माल विकावा.’ ही व्यवसायाची जोखीम झाली आणि मालकाला दिलेला सल्ला झाला. ऑडिटरचा यात कुठे संबंध आला? ऑडिट रिस्क आर्थिक विवरणांतल्या चुकीशी जोडावी लागते: जुन्या मालाची निव्वळ वसुली किंमत (विकायचा खर्च जाता हातात येणारी रक्कम) खर्चाखाली गेली असेल, आयएएस 2 (साठ्याचं स्टँडर्ड) प्रमाणे तो खाली आणला नसेल, तर साठा आणि नफा दोन्ही फुगलेले दिसतील. कोणता आकडा, कोणत्या दिशेने चुकेल, हे आलं की रिस्क पूर्ण.

प्रतिसादातही तसंच. ‘स्टॉक तपासावा’ याला मार्क द्यायचा कसा? कुठला कागद, कशाशी ताडून, कशासाठी, एवढं सांगावं लागतं. ‘वर्षअखेरच्या मोजणीला हजर राहून जुन्या आवृत्तीचे नग वेगळे नोंदवावेत, वर्षानंतरची विक्री बिलं काढून त्यांची किंमत नगाच्या खर्चाशी ताडावी, विक्री खर्चाखाली झाली असेल तर फरक राइट-डाऊन झाला आहे का बघावं.’ मोजणीला हजर राहण्याचं आयएसए 501 या ऑडिटच्या स्टँडर्डमध्ये आहे, क्रमांक आठवला तर लिही, नाही आठवला तर त्यावाचून फारसं अडत नाही. क्रमांक आठवण्यात मिनिटभर घालवलेलं मात्र परत मिळत नाही. आणि प्रत्येक रिस्कला ‘व्यवस्थापनाकडून लेखी रिप्रेझेंटेशन (लेखी निवेदन) घ्यावं’ हे शेपूट लावायची सवय असेल तर सोड. ते एकटं पुरेसा पुरावा होत नाही आणि तेच पाचव्यांदा वाचताना तपासणाऱ्याचा चेहरा कसा होत असेल ते डोळ्यांपुढे आण.

या प्रश्नाला दोन रकाने आखून लिहिलं तर उत्तम, डावीकडे रिस्क आणि उजवीकडे प्रतिसाद. रकाने असले की एखाद्या रिस्कसमोरचा प्रतिसाद राहिला तर रिकामी जागा लगेच दिसते. पण ‘मूल्यमापन करा’, ‘चर्चा करा’ अशा प्रश्नांत रकाने घेऊ नकोस, तिथे तर्क एका वाक्यातून दुसऱ्यात जावा लागतो आणि रकान्यात तो तुटतो.

प्रश्नातल्या क्रियापदाकडे म्हणूनच आधी बघायचं. ‘यादी द्या’ असेल तर ओळी पुरतात, स्पष्टीकरण देऊन फुकट जातं. ‘स्पष्ट करा’ असेल तर ‘कारण’ यायलाच हवं. ‘सल्ला द्या’ किंवा ‘शिफारस करा’ असेल तर शेवटी एक ठाम ओळ हवी, ‘परिस्थितीनुसार ठरवावं’ ही शिफारस नव्हे. ‘आणि’ शब्दाखाली तर मी रेघ मारायला सांगते. ‘नैतिक प्रश्न सांगा आणि काय करावं ते सुचवा’ म्हणजे दोन कामं, आणि दुसऱ्या कामाचे मार्क सोडून येणारी मुलं पुष्कळ. तू केस वाचण्याआधी प्रश्नांची ही वाक्यं वाचतेस का? नसशील तर उद्यापासून वाच. दोन पानांची केस डोक्यात काही न ठेवता वाचली की पुन्हा वाचावी लागते. काय शोधायचंय ते ठाऊक असलं की एकदाच पुरते.

मार्कांवरून मुद्दे किती ते कळतं. साधारणपणे नीट मांडलेल्या मुद्द्याला एक, कधी दोन. 8 मार्कांना तीनच मुद्दे सुचले असतील तर लिहायला घेऊ नकोस, केसकडे परत जा. बारा सुचले असतील तर सगळ्यांत दुबळे चार खोडून टाक. हे खोडणं हुशार मुलांना जड जातं, आलेलं लिहायचं नाही म्हणजे काय! पण तुझा शेवटचा प्रश्न दोनदा अर्धवट राहिला तो त्याचमुळे.

मांडणीचं फार सांगत नाही. एका परिच्छेदात एक मुद्दा, मध्ये एक ओळ मोकळी, छोटं शीर्षक. आकडेमोड वर्किंगमध्ये दाखवायची, कारण सुरुवातीचा आकडा चुकला तरी पुढची रीत बरोबर असल्याचे मार्क सहसा मिळतात, पण रीत दिसली तरच. रिपोर्ट किंवा मेमो मागितला असेल तर कोणाला, कोणाकडून, तारीख, विषय हा मथळा दे, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि तो कोणासाठी आहे ते बघून लिही. बोर्डासाठी असेल तर निष्कर्ष वर आणि तांत्रिक शब्द कमी. संगणकावर परीक्षा असेल तर आराखड्याच्या ओळी उत्तराच्याच खिडकीत टाइप कर आणि त्यांचीच शीर्षकं करून खाली भरत जा. केसमधली वाक्यं कॉपी करून चिकटवणं मात्र नको. त्याला मार्क नाही, आणि लिहिल्याचा आभास होतो तो वेगळाच.

वेळ संपली की उत्तर तोडायचं, हे सगळ्यांत अवघड. 8 मार्कांच्या प्रश्नात पहिले चार लवकर येतात, शेवटचे दोन नाकी नऊ आणतात. 14 मिनिटं झाली, वाक्य पूर्ण कर, जागा सोड, पुढे जा. ज्या 28 मिनिटांत एका प्रश्नावर झगडून 6 मिळतात, त्यांत दोन प्रश्नांचे पाच-पाच मिळतात. तुझ्या 47 ला 50 करायला याहून वेगळं काही लागेल असं मला वाटत नाही.

सराव कसा करायचा? पूर्ण पेपर सोडवायची घाई नको. सुरुवातीला जुने प्रश्न घेऊन फक्त आराखडे कर, अर्ध्या तासात पाच-सहा होतील. मग सुचवलेल्या उत्तराशी ताड आणि केसमधली कुठली गोष्ट सुटली तेवढंच शोध. सुचवलेल्या उत्तरांची लांबी बघून घाबरू नकोस. ती शिकवण्यासाठी लिहिलेली असतात, परीक्षेच्या वेळेत तेवढं लिहिणं कोणालाच शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नसते. काही दिवसांनी एकेक उत्तर घड्याळ लावून पूर्ण लिही. लिहून झालं की मार्कर घे आणि ज्या वाक्यात या केसमधलं काहीतरी आहे (नाव, तारीख, आकडा, कोणाचं म्हणणं) ते रंगव. पान निम्म्याहून जास्त कोरं राहिलं तर तुझी जुनी सवय परत आली. परीक्षा घेणाऱ्या संस्था तपासनिसांची निरीक्षणं छापतात, तीही वाच. बऱ्याच पेपरांवर तीच ती तक्रार सापडेल, की मुलांनी केस वापरली नाही.

इंग्रजीची भीती काढून टाक. तुझं पाठवलेलं उत्तर वाचूनच सांगते, भाषेमुळे त्यात एकही मार्क गेलेला नाही. उलट पुस्तकातली लांबलचक वाक्यं जशीच्या तशी आणायच्या नादात तू तीन ठिकाणी अडखळली आहेस. छोटी वाक्यं लिही. ‘द लीक हॅपन्ड इन जॅन्युअरी. सो द ऑब्लिगेशन एक्झिस्टेड ॲट 31 मार्च.’ व्याकरणाचा अलंकार कोणी मागत नाही. ‘बिकॉज’ आणि ‘देअरफोर’ हे दोन शब्द मात्र सढळ वापर, म्हणजे कारण आणि परिणाम त्यांच्यामागे आपोआप लिहावे लागतात.

राहता राहिला पेपर कुठून सुरू करायचा हा प्रश्न. तू विचारला नाहीस, पण दोनदा शेवटचाच प्रश्न अर्धा राहिलाय म्हणून सांगते. सगळ्यांत आवडता प्रश्न पहिला घेऊ नकोस, त्यावर तू वेळेपेक्षा जास्त रेंगाळशील. ज्याचा आराखडा चटकन झाला पण विषय फारसा प्रिय नाही, असा एखादा आधी घे. आवडता दुसरा किंवा तिसरा. नावडता मध्ये कुठेतरी, शेवटी नाही. पुढचं उत्तर पाठवशील तेव्हा समासातल्या त्या पाच ओळी खोडू नकोस, त्यांच्यासकट पाठव. मी आधी त्याच वाचीन.